बेटाची प्रदक्षिणा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लाइड नदी समुद्रास मिळतांना एकदम ऐसपैस होते. त्या रुंद मुखांत ग्रेट कंब्रे म्हणून एक बेट आहे. ग्रेट म्हणजे थोरलें. आणि या थोरल्याचें क्षेत्रफळ अवघें साडेचार चौरस मैल! दक्षिणेस त्याचें धाकटें भावंड, लिटल कंब्रे, पाण्यांत पहुडलेलें दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें जेम्स अ‍ॅडम नांवाचे एक धर्मोपदेशक होते. प्रार्थनेच्या वेळीं ते प्रथम थोरल्या व धाकट्या कंब्रेचें कल्याण चिंतीत आणि त्यानंतर शेजारच्या ग्रेट ब्रिटन व आयर्लंड या बेटांकरितांही देवाजवळ थोडी दया मागत, अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट सांगून तिकडील मंडळी आजही हंसतात. मला मात्र तींत हंसण्याजोगें फारसें कांहीं दिसत नाहीं. आधीं ग्रामदैवतास नारळ आणि मग काशी-रामेश्वर, हा क्रम आपल्याही घरोघर चालत आलेलाच आहे.

गेल्या अंकांत मीं ग्लासगोच्या पावसाविषयीं पानभर कुरकुर केली होती. तेव्हां न्याय म्हणून आतां तेथल्या उन्हाविषयींही लिहिलें पाहिजे. जून महिन्यांत त्या बाजूस रात्रीं दहा वाजेपर्यंत उजेड असतो. परंतु उजेड म्हणजे ऊन नव्हे. खरें, स्वच्छ, अंगावर घ्यावेंसें वाटणारें ऊन पडलें कीं, माणसें हातांतलीं कामें टाकून बाहेर पडतात. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस पाहण्यास लोक जसे दारांत येऊन उभे राहतात, तसाच कांहींसा हा प्रकार. शनिवारीं पहांटे पांचलाच असें ऊन खिडकींतून आंत आलें. आमच्या सूनबाईंनीं पडदा सारला, आकाश चोहों बाजूंनीं तपासून पाहिलें आणि जाहीर केलें, "आज कंब्रे!" तासाभरांत दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लिंबाचें लोणचें डब्यांत बंद झालें.

आम्ही सहाजण होतों : चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांची नात, मी, आमची सौ., आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काविषयीं दोन शब्द आधींच सांगावयास हवेत. पुण्यास एका मुलींच्या शाळेंत तिनें तीस वर्षें गणित शिकविलें आणि त्यांतील वीस वर्षें ती सदाशिव पेठेंतून शाळेंत सायकलवर गेली. दोन वर्षांपूर्वीं, एकुणसत्तराव्या वर्षीं, तिचा उजवा गुडघा बदलावा लागला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सायकल चालविण्यास हरकत नाहीं, असें डॉक्टरांनींही सांगितलें. गुडघा बरा झाला. घरांतील मंडळींची काळजी मात्र बरी झाली नाहीं. जिना आला कीं कोणीतरी तिचा हात धरी. पाहुण्यांनीं तिला कोठें बोलाविलें, तर तिनें तोंड उघडण्यापूर्वीं कोणीतरी "आक्काला झेपणार नाहीं" असें सांगून मोकळें होई. तीही हळूहळू गप्प बसूं लागली होती. त्या दिवशींचा बेतही असाच ठरला : आम्हीं चौघांनीं सायकली घ्याव्या, आणि सौ. व आक्का यांनीं किनाऱ्यावरच्या बांकावर उन्हांत बसावें. आक्कानें हा बेत ऐकून घेतला. होय म्हटलें नाहीं, नाहींही म्हटलें नाहीं.

ग्लासगोहून लार्ग्झ गांवापर्यंत आगगाडीनें सुमारें एक तास लागतो. हें गांव लहान असलें तरी इतिहासांत मोठें आहे. इ. स. १२६३ मध्यें नॉर्वेचा राजा हाकोन आपलें आरमार घेऊन या खाडींत आला. त्यापूर्वीं पश्चिमेकडील बेटांवर कित्येक पिढ्या नॉर्वेची सत्ता होती. वादळानें त्याचीं कांहीं जहाजें लार्ग्झच्या किनाऱ्यावर आणून फेंकलीं, तेथें स्कॉट सैन्याशीं चकमक झाली, राजा परत फिरला आणि त्याच हिवाळ्यांत वाटेवर वारला. तीन वर्षांनीं, १२६६ च्या तहानें, तीं बेटें स्कॉटलंडकडे आलीं. ज्या पाण्यावर हें सारें घडलें, तें पाणी आतां मोटारी व माणसें वाहून नेणारी नाव दहा मिनिटांत ओलांडते. सायकलीस वेगळें भाडें पडत नाहीं. आमच्याजवळ सायकली नव्हत्या. पलीकडच्या धक्क्यावर बस उभीच असते, तिनें आम्ही मिलपोर्ट गांवांत गेलों.

मिलपोर्ट हें बेटावरचें एकमेव गांव. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें साऱ्या बेटाची वस्ती १,३७६. अर्धचंद्राकृति उपसागर, त्याच्या कडेनें एकच रस्ता, आणि रस्त्यास लागून रंगीत दारांचीं घरें. एके काळीं उन्हाळ्याच्या सुटींत ग्लासगोचे कामकरी बायकामुलांसह चाकांच्या आगबोटींत बसून येथें लोटत. पुढें १९६० नंतर स्पेनकडे स्वस्त विमानें जाऊं लागलीं आणि खात्रीच्या उन्हापुढें बिनखात्रीचें ऊन मागें पडलें. परंतु गांव मेलें नाहीं, आणि याचें पुष्कळसें श्रेय मी सायकलीस देतों. बेटाभोंवतीं सुमारें दहा मैलांचा सपाट रस्ता आहे. त्यावर चढ नाहींत म्हटलें तरी चालेल, आणि मोटारीही तुरळक. मुलांना सायकल शिकवावयास, म्हाताऱ्यांना पुन्हा आठवावयास, याहून चांगली जागा मीं तरी पाहिली नाहीं. भाड्याच्या सायकलींच्या दुकानासमोर लहान, मोठ्या, दोघांच्या, तीन चाकांच्या अशा सायकलींची रांगच रांग लागलेली होती.

येथें थोडें विषयांतर. हें बेट ज्या एअरशायर प्रांतांत मोडतें, त्याच प्रांतांतील ड्रेगहॉर्न गांवीं १८४० सालीं जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म झाला. ते गुरांचे डॉक्टर होते व बेलफास्टला व्यवसाय करीत. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून त्यांनीं चाकांस हवा भरलेली रबरी नळी बसविली आणि १८८८ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पुढें असें आढळलें कीं, रॉबर्ट टॉमसन नांवाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थानें हीच कल्पना चाळीस वर्षांपूर्वीं नोंदवून ठेविली होती; त्यामुळें डनलॉप यांचें पेटंट टिकलें नाहीं. टॉमसनच्या वेळीं सायकलीच नव्हत्या. त्याची कल्पना घोडागाडीसाठीं होती. वेळेवर जन्म घेणें हीसुद्धां एक विद्याच म्हणावयाची! डनलॉप हें नांव मात्र आपल्याकडेही टायरवर वाचतच दोन पिढ्या वाढल्या.

आम्ही दुकानांत आपआपलीं हँडलें, ब्रेक पाहत होतों, तों आक्का एक मध्यें दांडा नसलेली निळी सायकल घेऊन बाहेर आली. दुकानदाराकडून तिनें सीट दोन बोटें खालीं करवून घेतली होती. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, पुढच्या चाकावर अंगठा दाबून हवा पाहिली, ओढणी कमरेशीं घट्ट बांधली. आम्ही सर्व पाहतच राहिलों.

"आत्या, निदान विजेची तरी घे," चिरंजीव म्हणाले.

"मोटार लावून केलेली प्रदक्षिणा कोणत्या देवाला चालते रे?" आक्का म्हणाली, आणि निघाली.

प्रदक्षिणा हा शब्द तिनें सहज वापरला नव्हता. दुकानदारानें सांगितलें कीं, कोणत्याही बाजूनें जा, सारखेंच. आक्काला तें सारखें वाटेना. देव उजव्या हातास ठेवावयाचा, म्हणजे बेट उजव्या हातास आणि समुद्र डाव्या. तेव्हां पश्चिमेकडून निघावयाचें. यांत एक व्यावहारिक सोयही निघाली. त्या देशांत आपल्यासारखेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातात; त्यामुळें समुद्राकडची कड सर्व वाटभर आपलीच राहते, मध्यें मोटारीची आडकाठी नाहीं. सौ. सायकल चालवीत नाहींत; त्यांनीं गांवांतील देवालय पाहण्याचें ठरविलें व डब्यांतला आपला वांटा काढून घेतला.

पहिल्या फर्लांगांत आक्काचें हँडल दोनदां थरथरलें. सूनबाई मागून धांवूं पाहत होत्या, चिरंजीव शेजारून जात होते, नातीनें मात्र पुढून ओरडून सांगितलें, "आत्याआजी, खालीं बघूं नको, लांब बघ!" हें वाक्य आक्कानेंच तिला आठवड्यापूर्वीं बागेंत सायकल शिकतांना सांगितलें होतें. आक्कानें लांब पाहिलें. लांब पाहण्यासारखें पुष्कळ होतें. गांव संपून रस्ता वळला कीं, समोर पाण्यापलीकडे ब्यूट बेटाची हिरवी कूस आणि तिच्यामागें अ‍ॅरन बेटाचे दांतेरी निळे डोंगर उभे राहतात. त्यांतील सर्वांत उंच शिखर, गोटफेल, ८७४ मीटर, म्हणजे आपल्या रायगडाच्या आसपासचें आहे. पण तें समुद्रांतून एकदम वर उठत असल्यामुळें याहून दुप्पट भासतें. डोंगरांची ही ओळ म्हणजे उताणा निजलेला योद्धा, असें तेथें म्हणतात. योद्ध्याचें नाक आम्हांस सांपडलें. पायांविषयीं एकमत झालें नाहीं.

पश्चिमेची ही बाजू अगदीं निवांत. उजव्या हातास तांबड्या वालुकाश्माचे जुने समुद्रकडे, त्यांवर पिवळ्या फुलांचीं कांटेरी झुडपें; डाव्या हातास खडकांवर लाल चोचीचे काळेपांढरे पक्षी ओरडत धांवत होते. पाणकावळे आपल्याकडच्यासारखेच पंख वाळत घालून बसले होते. एका खडकाच्या जागीं खडक नसून सील निघालें; नातीची सायकल थांबली तेव्हां त्यानेंही मान वर करून आमच्याकडे पाहिलें व आम्हांत विशेष कांहीं न आढळल्यामुळें पुन्हा डोळे मिटले. फिंट्री उपसागराशीं आम्हीं दशम्या सोडल्या. आक्कानें गुडघ्यावरून एकदां हात फिरविला. तो सूनबाईंनीं पाहिला, पण त्या बोलल्या नाहींत.

बेटाच्या उत्तर टोंकास टोमाँट एंड म्हणून जागा आहे. तेथें एक स्तंभ आहे. १८४४ सालीं 'शिअरवॉटर' या सरकारी जहाजावरील दोन तरुण उमेदवार अधिकारी येथल्या पाण्यांत बुडाले. त्यांची ती आठवण. इतक्या शांत, निळ्या, हंसऱ्या पाण्यासमोर हा लेख वाचतांना क्षणभर कोणी बोललें नाहीं.

तेथून थोड्याच वेळांत आपण बोटीच्या धक्क्याशीं येतों. प्रदक्षिणेचा सुमारें सहा मैलांचा भाग संपलेला, चार मैलांचा उरलेला. आणि धक्क्यावर मिलपोर्टची बस तयार. सूनबाई सायकलीवरून उतरल्या.

"आत्या, इथून बसनं जाऊं या का? मीही येतें तुमच्याबरोबर. सायकली हे आणतील कशातरी."

"किती राहिलं?"

"चार मैल."

आक्का कठड्यावर बसली. पाय लांब केला, दुमडला, पुन्हा लांब केला; व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितल्याप्रमाणें दहादां. नात मोठ्यानें मोजत होती. चिरंजीवांनीं तोंड उघडलें. सूनबाईंनीं त्यांस नुसत्या नजरेनें गप्प केलें. बसचा सारथी आमच्याकडे पाहत होता. तिनें मत विचारलें तें गुडघ्याचें; आमच्यापैकीं कोणाचें नव्हे. दहावी खेप झाल्यावर ती उठली, म्हणाली, "कुरकुरतोय; पण चल म्हणतोय. अर्धवट प्रदक्षिणा टाकून बसमध्यें बसण्यापेक्षां मी मुळींच निघालें नसतें." बस गेली.

पूर्वेकडील किनारा मुख्य भूमीस तोंड करून आहे. पलीकडे हंटरस्टनच्या अणुवीजकेंद्राच्या प्रचंड चौकोनी इमारती दिसतात. १९६४ पासून तेथें वीज निघत होती. शेवटची अणुभट्टी जानेवारी २०२२ मध्यें कायमची थंड झाली. अलीकडे, रस्त्याच्या अगदीं कडेला, 'सिंह' नांवाची काळी कातळभिंत आहे. वितळलेला खडक वालुकाश्माच्या भेगेंत शिरून थिजला. पुढें भोंवतालचा मऊ दगड झिजून गेला आणि कठीण भिंत तेवढी उभी राहिली. आमच्या खानदेशांतही माळावर अशा भिंती मैलोगणती गेलेल्या आहेत. त्यांना मात्र कोणी सिंह म्हटलें नाहीं. एका बाजूनें पाहिलें तर आयाळ व पंजे दिसतात खरे.

यानंतर केपेल येथें समुद्रजीवांच्या अभ्यासाचें केंद्र लागतें. सायकलवाले बहुधा तेथून भरकन् पुढें जातात. मला तें बेटावरील सर्वांत मोठें स्थळ वाटतें. डेव्हिड रॉबर्टसन हा लहानपणीं दुसऱ्यांचीं गुरें राखणारा मुलगा. पुढें त्यानें ग्लासगोंत चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान चालविलें आणि संसाराची सोय झाल्यावर कंब्रेस येऊन उरलेलें आयुष्य समुद्रांतले सूक्ष्म जीव पाहण्यांत घालविलें. १८८५ सालीं जॉन मरे या शास्त्रज्ञानें 'आर्क' नांवाची तरंगती प्रयोगशाळा मिलपोर्टला आणली. तिच्या पाठोपाठ १८९७ मध्यें हें केंद्र उघडलें. रॉबर्टसन त्याच्या थोडेच महिने आधीं, नव्वदाव्या वर्षीं वारला होता.

याच केंद्रांत १९२२ सालीं शीना मार्शल या बाई कामास लागल्या. जन्म समोरच्या ब्यूट बेटावर, १८९६ चा. तांदळाच्या कणीएवढा कॅलॅनस नांवाचा एक कवचधारी जीव समुद्रांत अब्जावधींनीं असतो. हेरिंग मासे त्यावर पोसतात. तो काय खातो, किती वाढतो, केव्हां वर येतो व केव्हां खोल जातो, याचा शोध त्यांनीं अँड्र्यू ऑर या सहकाऱ्याबरोबर कित्येक वर्षें घेतला. १९२८-२९ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळमालेच्या मोहिमेवर त्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धांत जपानहून येणारें अगर बंद झालें. रोगजंतु वाढवून पाहण्यास प्रयोगशाळांना तें लागतेंच. तेव्हां ब्रिटनच्या किनाऱ्यावरील कोणत्या शेवाळांतून तें काढतां येईल, हें शोधण्याच्या कामींही त्या होत्या. १९६३ मध्यें त्यांना रॉयल सोसायटीचें सभासदत्व मिळालें. एवढें सारें या चिमुकल्या बेटाच्या कडेला बसून! २०१३ मध्यें विद्यापीठाचा आधार सुटला आणि केंद्र बंद पडण्याची वेळ आली होती. परंतु शाळा-कॉलेजांस निसर्गाभ्यास घडविणाऱ्या एका संस्थेनें तें पुढल्या वर्षीं हातीं घेतलें. आम्ही गेलों त्या दिवशीं गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेलीं मुलें खडकांतल्या डबक्यांत वांकून पाहत होतीं.

केम्स उपसागर वळलों आणि मिलपोर्टचीं घरें पुन्हा दिसूं लागलीं. येथून समोर धाकटें कंब्रे नीट दिसतें. २००९ सालीं स्कॉटलंडांतील एका भारतीय वंशाच्या दांपत्यानें तें योगकेंद्र काढण्याच्या हेतूनें विकत घेतलें, तेव्हां त्याची बरीच चर्चा झाली होती. शेवटचा अर्धा मैल आक्का सर्वांच्या पुढें होती. वाळवंटावर एका खडकास लाल जबडा व पांढरे दांत रंगवून त्याची मगर केली आहे. मुलांची तेथें नेहमीं झुंबड. नात मगरीवर चढली, आक्का तिच्याजवळ सायकलवरून उतरली. उतरतांना कोणी हात दिला नाहीं. घड्याळ पाहिलें तों दहा मैलांस विश्रांतीसह चार तास लागलेले!

सौ. देवालयाच्या बागेंत आमची वाट पाहत होत्या. ब्रिटनमधील सर्वांत लहान कॅथीड्रल म्हणून हें प्रसिद्ध आहे. आंत शंभरएक माणसें बसतात. विल्यम बटरफील्ड यांच्या नकाशाप्रमाणें तें १८५१ मध्यें बांधून झालें व १८७६ मध्यें त्यास कॅथीड्रलचा मान मिळाला. बांधविणारे सरदार, पुढें ग्लासगोचे सहावे अर्ल झाले ते, अशा धर्मकार्यांवर इतके खर्चीत गेले कीं शेवटीं कर्जबाजारी झाले. सौ.नीं तेथें कोणी ऑर्गन वाजवीत होतें तें तासभर ऐकलें. त्या सायकलवाल्या मंडळींपेक्षां अधिक ताज्या दिसत होत्या, हें नमूद करणें भाग आहे.

१९०६ पासून चालत आलेल्या उपाहारगृहांत आम्हीं आइस्क्रीम खाल्लें. सूनबाईंनीं बर्फाचा तुकडा रुमालांत बांधून मुकाट्यानें आक्काच्या हातांत दिला, आणि तिनें तो मुकाट्यानें गुडघ्यावर धरला. गुडघा थोडा सुजला होता. दोन दिवसांत ओसरला.

परतीच्या नावेंत आक्कानें माझ्याकडे पुण्याचा हिशेब काढला. माळ्यावर तिची जुनी सायकल आहे. टायर तडकले असतील, चेन गंजली असेल. रस्त्यावरची गर्दी तिला ठाऊक नाहीं असें नाहीं. पण सकाळीं सहाला वाहनें कमी असतात, आणि तेवढ्यांत पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतां येतें, असें तिचें गणित. "ट्यूबा मिळतात ना रे अजून त्या मापाच्या?" तिनें विचारलें. मिळतात, असें मीं सांगितलें.